सातबारा नसलेली जमीनदारी

सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या पट्ट्यात मंद्रूप वसलेले आहे. रब्बीची ज्वारी आणि बेभरवशाचा पाऊस यांचा मेळ घालण्यात येथील पिढ्या गेल्या. जमिनीचा सरकारी हिशेब हेक्टर आणि आर यांत होतो. बोलण्यात मात्र अजूनही एकर आणि गुंठाच चालतो. 2020 सालच्या नोव्हेंबरात ‘अर्थ टू’ नावाच्या एका परदेशी उपक्रमाने साऱ्या पृथ्वीचा नकाशा दहा मीटर बाजूच्या चौकोनांत कापला आणि ते चौकोन इंटरनेटवर विक्रीस काढले. एक चौकोन म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे बरोबर एक आर. आरंभीचा भाव चौकोनाला अमेरिकेचे दहा सेंट इतका होता, आणि एखाद्या देशातील चौकोन जसजसे खपतील तसतसा त्या देशाचा भाव चढावा अशी योजना होती. हा नकाशा साऱ्या पृथ्वीचा असल्यामुळे मंद्रूपचे शिवारही त्यात आले. ज्या वावरात ज्वारी उभी आहे त्याचाच पडद्यावरील तुकडा टोकियोत बसलेल्या गृहस्थाने आपल्या नावे करून घ्यावा आणि वावराच्या धन्याला त्याची वार्ताही नसावी, अशी ही व्यवस्था आहे.

पोरखेळ म्हणून हा विषय उडवून लावणे सोपे आहे. पण ज्या खेळात खऱ्या चलनाने खरेदी-विक्री होते, भाडे आकारले जाते आणि भावाच्या चढउतारात माणसे कमावतात व बुडतात, तो खेळ अर्थशास्त्राच्या कक्षेतून सुटत नाही. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 2001 सालीच एका संगणकीय खेळातील काल्पनिक देशाचे दरडोई उत्पन्न काढले, तेव्हा ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान बसले. त्या वेळी विद्यापीठांतून हशा पिकला असेल. आज तसा तो पिकणार नाही.

या जमीनदारीची खरी शाळा म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने 2003 साली सुरू केलेले ‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग. तेथे जमिनीचा मूळ तुकडा 256 मीटर बाजूचा असतो. आपल्या भाषेत सांगावयाचे तर साडेसहा हेक्टर, म्हणजे सोळा एकरांचा एक डाग. 2006 च्या अखेरीस असे एक बेट नव्याने घेण्यास 1,675 डॉलर मोजावे लागत, आणि त्यापुढे दरमहा 295 डॉलर कंपनीकडे भरावे लागत. घेणारा ते बेट तोडून लहान लहान भाडेकरूंना देई. चीनमध्ये जन्मलेल्या आणि जर्मनीत स्थायिक झालेल्या आयलिन ग्राफ या बाईंनी ‘आन्शे चुंग’ या नावाने हाच धंदा केला. 2006 च्या मे महिन्यात ‘बिझनेस वीक’ने त्यांची तेथील प्रतिमा मुखपृष्ठावर छापली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आपली आभासी मालमत्ता दहा लाख डॉलरांवर गेल्याचे त्यांनी जाहीर केले. आरंभीचे भांडवल होते म्हणे दहा डॉलरांहून पाच सेंट कमी. (एक गोष्ट जाता जाता नोंदवावी. तेथे बाईच्या नावे जमीन लागावयास कोणाच्या सहीची वाट पाहावी लागली नाही. वारसा कायद्यात 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली केंद्राने दुरुस्ती करूनही आपल्याकडे बहिणीचे नाव सातबाऱ्यावर चढते ते बहुधा हक्कसोडपत्रावर सही करून उतरण्यासाठीच.)

या जमीनदाराची दिनचर्या बाहेरून वाटते तशी ऐषआरामाची नाही. सकाळी संगणक उघडला की प्रथम भाड्याच्या पेट्या तपासावयाच्या. कोणाचा आठवडा थकला, कोण सामान टाकून निघून गेला ते पाहावयाचे. प्रत्येक तुकड्यावर किती वस्तू ठेवता येतील याची मर्यादा ठरलेली असते. एका भाडेकरूने झाडांची हौस जास्त केली की दुसऱ्याला खुर्ची ठेवावयास जागा उरत नाही, आणि तंटा मालकाच्या दारी येतो. शेजाऱ्याने एका रात्रीत समुद्र अडविणारा मनोरा उभारलेला असतो. काही महाभाग तर अवघ्या सोळा चौरस मीटरांचा तुकडा घेऊन त्यावर जाहिरातीचा ओंगळ खांब ठोकीत, आणि खांब नको असेल तर आमचा तुकडा चढ्या भावाने घ्या, असे शेजाऱ्याला सांगत. बांधावरून चालणारे राजकारण केवळ मंद्रूपच्याच मातीत उगवते असे नव्हे, हे यावरून दिसेल. संध्याकाळी तेथील चलन डॉलरांत बदलून कंपनीचा हप्ता भरावयाचा. हप्ता चुकला की बेट गेले, आणि बेटावरची घरे, बागा, भाडेकरू सर्वच गेले.

येथे रिकार्डोची आठवण होणे अपरिहार्य आहे. 1817 साली त्याने खंडाची उपपत्ती मांडली ती जमिनीच्या अविनाशी आणि मर्यादित शक्तींवर. देवाने जमीन एकदाच निर्माण केली, म्हणून तिला खंड मिळतो. आभासी जगात देव ही जागा कंपनीने घेतलेली आहे, आणि तिची निर्मिती सहा दिवसांत संपत नाही. 2008 साली लिंडन लॅबने नव्या बेटाची किंमत 1,675 वरून 1,000 डॉलरांवर आणली. ज्यांनी आदल्या वर्षी जुन्या भावाने घेतले होते त्यांची मालमत्ता एका घोषणेत उतरली. पाऊस हुकला नव्हता, टोळधाडही आली नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात कंपनीने हलक्या प्रतीच्या बेटांचा मासिक आकार 75 वरून 125 डॉलर करण्याचे जाहीर केले, तेव्हा तेथील ‘मालकां’नी निषेधाच्या सभा भरविल्या आणि पुष्कळांनी बेटे सोडून दिली.

दख्खनच्या इतिहासाशी परिचय असणाऱ्याला हे दृश्य नवे वाटणार नाही. पेशवाई गेल्यानंतर पुणे प्रांतात रॉबर्ट प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी करून सारा बसविला. इंग्लंडातील कंपनी सरकारच्या विद्यालयात तो जे अर्थशास्त्र शिकून आला होता त्यात रिकार्डोच्या खंडाचा सिद्धान्त होता, आणि निव्वळ उत्पन्नाचा ठराविक हिस्सा सरकारचा, असे त्याचे गणित होते. ते गणित कागदावर निर्दोष आणि शिवारात घातक ठरले. साऱ्याचा बोजा न सोसून रयतेने जमिनी टाकल्या. अखेर 1836 पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांना नवी पाहणी करून आकार कमी करावा लागला, आणि तो तीस वर्षांसाठी बांधून द्यावा लागला. या ‘तीस वर्षे’ शब्दांत रयतवारीचे मर्म आहे. सरकार सर्वशक्तिमान होते, पण त्याने आपले हात काही काळापुरते स्वतःच बांधून घेतले. आभासी जगाच्या कंपनीने तसे हात बांधून घेतलेले नाहीत. तिच्या कराराची कलमे ती स्वतः लिहिते आणि बदलतेही स्वतःच. तेव्हा या गृहस्थांना जमीनदार म्हणणे हा शब्दाचा अपव्यय आहे. ते मुदतीचे संरक्षण नसलेली कुळे आहेत, आणि फार तर पोटकुळांचे मालक आहेत.

मालकी म्हणजे नोंद, मग ती तलाठ्याच्या दप्तरात असो वा कंपनीच्या सर्व्हरवर असो, असा एक युक्तिवाद केला जातो. महाराष्ट्रात 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. आता तोही सर्व्हरवरच राहतो. मग फरक उरला कोठे? युक्तिवाद चतुर आहे, पण फसवा आहे. सातबाऱ्यावर ‘मालक’ हा शब्दच नाही, ‘भोगवटादार’ आहे. 1966 चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम असे म्हणतो की ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ या तीन शब्दांतच शेतकऱ्याचे बळ आहे. फेरफार धरला की नोटीस निघते, हरकतीला मुदत असते, हरकत आली तर चौकशी होते, वर प्रांत आहे, आणि मालकीचा वाद असेल तर दिवाणी न्यायालय आहे. हे सर्व वेळखाऊ, खर्चिक आणि कित्येकदा संतापजनक असते, हे कोणी नाकारू नये. तलाठ्याने नाव चुकीचे चढविले तर ते दुरुस्त होईपर्यंत चपला झिजतात. ‘इतर हक्क’ या रकान्यात कोण्या प्रकल्पाची नोंद लागली की शेतकऱ्याला किती दारे पुजावी लागतात, हेही दक्षिण सोलापूरला सांगावयास नको. तरीही पुजावयास दारे आहेत. मंद्रूपच्या अपर तहसील कार्यालयापुढे धरणे धरता येते. नोंद ठेवणारा एक आणि तिचा न्याय करणारा दुसरा, एवढी वाटणी झाल्याखेरीज मालकी या शब्दाला अर्थ येत नाही.

आभासी जगात ही वाटणी नाही याचा पुरावा न्यायालयाच्या दप्तरातच आहे. 2006 साली ब्रॅग नावाच्या पेन्सिल्व्हेनियातील एका वकिलाने सेकंड लाइफमधील एक तुकडा लिलावात 300 डॉलरांना घेतला. खरेदी आडवाटेने झाली असे म्हणून कंपनीने तो तुकडा तर काढून घेतलाच, पण त्यांचे सारे खाते गोठविले. त्यांची इतर जमीनही गेली. येथे फिर्यादी, तलाठी, तहसीलदार आणि न्यायाधीश एकच होते. ते गृहस्थ स्वतः वकील असल्याने कोर्टात गेले. वाद लवादापुढेच न्यावा ही कंपनीची अट एकतर्फी आहे, असा निर्णय 2007 च्या मे महिन्यात तेथील संघराज्यीय न्यायालयाने दिला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत आपसांत तडजोड झाली आणि जमीन खरोखर कोणाची, या प्रश्नाचा निकाल लागलाच नाही.

यावर उतारा म्हणून नोंद कोणा एका कंपनीकडे न ठेवता अनेक संगणकांवर विखरून ठेवावी, अशी कल्पना पुढे आली. ‘डिसेंट्रालँड’ या 2020 साली खुल्या झालेल्या जगात सोळा मीटर बाजूचे 90,000 हून अधिक चौकोन आहेत. सर्व मिळून सुमारे तेवीसशे हेक्टर. एखाद-दुसऱ्या मोठ्या गावाचे शिवार म्हणावे एवढेच. फेसबुकने 2021 च्या ऑक्टोबरात आपले नाव ‘मेटा’ केले आणि या शिवारावर झुंबड उडाली. नोव्हेंबरात तेथील 116 चौकोन सुमारे 24 लाख डॉलरांना विकले गेले. 2022 पासून भाव कोसळले. नोंद शाबूत आहे, ती कोणी खोडली नाही, पण त्या बाजारपेठेतून फिरावयास गिऱ्हाईकच उरले नाही. जमिनीच्या तुटवड्याला भाव येतो तो मागणी असेल तरच, हे बारावीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

आणि नोंद तरी किती काळ टिकेल? 2009 साली निघालेल्या ‘फार्मव्हिल’ या फेसबुकवरील शेतीच्या खेळाने एके काळी कचेऱ्यांतल्या बाबूंपासून वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांना वेड लावले होते. वेळेवर काढणी केली नाही तर पीक सुकून जाई, म्हणून लोक अपरात्री उठत. खऱ्या शेतातील पाळीचे पाणी धरण्यासाठी न उठणारी मुलेही त्यासाठी उठली असतील. 31 डिसेंबर 2020 रोजी तो खेळ बंद झाला आणि ती सारी शेते एका दिवसात नाहीशी झाली. दक्षिण सोलापूर तालुक्यातच, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख अजूनही वाचता येतो. तेथल्या पाथरवटाला सर्व्हर ठाऊक नव्हता.

हौसेखातर कोणी आभासी बाग फुलवीत असेल, अंथरुणाला खिळलेले कोणी तेथे चार मित्र जोडीत असेल, तर त्यात वावगे काहीच नाही. नाटकाचे तिकीट काढावे तसा तो खर्च समजावा. चिंता आहे ती गुंतवणूक म्हणून तिकडे वळणाऱ्यांची. बापाच्या आठ एकरांचे तीन भावांत तुकडे झाले, तुकडेबंदीचा 1947 चा कायदा लहान तुकडा घेऊ देत नाही, शहरालगतच्या गुंठ्याचा भाव नोकरदाराच्या आवाक्यात नाही. अशा तरुणाला मोबाइलवर काही शे रुपयांत ‘जमीन’ दाखविली तर तिचा मोह पडणारच. त्याच्या मनातली जमिनीची भूक खरी आहे. तिला दाखविलेले ताट तेवढे खोटे आहे.

सरकारने या व्यवहारांकडे अगदीच पाठ फिरविली आहे असे नाही. आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के प्राप्तिकर लागतो. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि त्याच वर्षाच्या जुलैपासून हस्तांतरणाच्या रकमेवर एक टक्का मुळातच कापून घेतला जातो. साऱ्याची आकारणी झाली; हक्काच्या नोंदीचे काय, हे मात्र कोणत्याही अधिनियमात आलेले नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय दिली आहे. म्हणजे मंद्रूपच्या खरेदीदाराला सोलापूरच्या जिल्हा आयोगापुढे उभे राहता यावे. पण त्याच अधिनियमाप्रमाणे फेरविक्रीसाठी वा व्यापारासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, आणि हे चौकोन बहुतेक जण घेतात ते भाव चढल्यावर विकण्यासाठीच. विक्रेत्या कंपनीची नोंदणी परदेशात असते, आणि करारातील न्यायालयाचे ठिकाणही तेथलेच असते. आभासी जमीन विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावयास लावणे, आणि विक्रीपूर्वी ‘ही मालकी नसून परवाना आहे’ हे वाक्य मराठीसह सर्व भारतीय भाषांत ठळकपणे छापावयास लावणे, एवढे तरी संसदेला करता येण्याजोगे आहे.