उघड्या दाराची शाळा



मूल नाच शिकायला जायचे म्हणाले की घरात आवाज चढतो. "नाचून का पोट भरते?" असे आजी विचारते आणि बापही मान हलवतो. प्रश्न काही खोटा नाही. ज्या घराला चार घासांसाठी उजाडल्यापासून राबावे लागते, त्या घराने तो विचारलाच पाहिजे. म्हणूनच आज तुम्हाला एका नाचाच्या शाळेची हकीकत सांगतो. ही शाळा आहे दूर अमेरिकेत, न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागात. हार्लेम ही काळ्या लोकांची जुनी, कष्टकरी वस्ती.

या वस्तीत १९३४ साली आर्थर मिचेल जन्मला. बारा वर्षांचा झाला तेव्हाच घरचा भार त्याच्यावर आला. लोकांचे बूट पुसणे, वर्तमानपत्रे टाकणे, फरश्या पुसणे, मिळेल ते काम त्याने केले. शाळेतल्या एका समारंभात त्याला नाचताना पाहून तिथल्या मार्गदर्शकाने त्याला कलाशाळेची वाट दाखवली. पुढे तो बॅले शिकला.

बॅले म्हणजे फ्रान्सच्या राजदरबारात वाढलेला नाच. त्यातल्या पावलांची नावे आजही फ्रेंच भाषेतच घेतात. भिंतीकडेच्या दांडीला हात टेकायचा, गुडघे वाकवायचे, पाय ताणायचा; तेच ते रोज, वर्षानुवर्षे. मुली तर पुढे बोटांच्या टोकांवर उभ्या राहतात. त्यांच्या बुटाचे टोक कापड, कागद आणि खळ यांच्या थरांनी कडक केलेले असते. पाहणाऱ्याला वाटते, पोर वाऱ्यावर तरंगते आहे. सोसतात ती तिची बोटे.

हा नाच गोऱ्यांचाच, काळ्यांच्या अंगाला तो शोभायचा नाही, अशी तिकडे पक्की समजूत होती. तरी मिचेल १९५५ साली 'न्यूयॉर्क सिटी बॅले' या नामांकित मंडळात शिरला आणि १९६२ मध्ये तिथला प्रमुख नर्तक झाला. त्या मंडळात काळ्या माणसाला हा मान प्रथमच मिळाला.

मग आला ४ एप्रिल १९६८. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांचा त्या दिवशी गोळी घालून खून झाला. मिचेल तेव्हा ब्राझील देशात बॅलेचे मंडळ उभारायच्या कामात होता. बातमी ऐकून त्याच्या मनाने घेतले, की परमुलखात कशाला, आपल्याच आळीतल्या पोरांसाठी काही करावे.

त्याच उन्हाळ्यात हार्लेममधल्या एका गॅरेजात त्याने वर्ग सुरू केला. आत उकडायचे, म्हणून दार सताड उघडे ठेवलेले. येणारी-जाणारी पोरे दारात थबकायची, आत डोकावायची आणि हळूच येऊन उभी राहायची. सुरुवातीला ३० मुले होती. काही महिन्यांत ती ४०० झाली. मुलगे घट्ट विजारी घालायला लाजत. मिचेलने त्यांना कापलेल्या जीन्स घालू दिल्या, तालाला ढोल आणले. कपड्यांत सूट दिली, पण शिस्तीत तसूभरही नाही.

१९६९ साली मिचेल आणि त्याचे गोरे गुरू कारेल शूक या दोघांनी मिळून शाळेला आणि मंडळाला रीतसर रूप दिले. नाव ठेवले 'डान्स थिएटर ऑफ हार्लेम'. आरंभीची जागा म्हणजे एका चर्चचे तळघर.

तिथे आलेल्या एका मुलीचे ऐका. व्हर्जिनिया जॉन्सन तिचे नाव. लहानपणापासून ती बॅले शिकली होती. पण शिक्षण पुरे झाल्यावर तिला सांगण्यात आले, की तू काळी, तुला बॅलेत कोणी घ्यायचे नाही. ती हार्लेमला आली आणि पुढे २८ वर्षे या मंडळात नाचली. १९८४ साली मंडळाने 'जिझेल' हे जुने नृत्यनाट्य अमेरिकेतल्या लुइझियाना प्रांतातल्या स्वतंत्र काळ्या लोकांची कथा म्हणून नव्याने बसवले. त्यात जिझेल झाली ती व्हर्जिनियाच.

आणखी एक गोष्ट दिसायला लहान आहे. बॅलेतले मोजे आणि बूट फिक्या गुलाबी रंगाचे असतात, कारण ते गोऱ्या पायांशी जुळावेत. काळ्या मुलीच्या अंगावर ते उपरे दिसत. १९७४ च्या सुमारास या मंडळाने ज्या-त्या मुलीच्या कातडीच्या रंगाप्रमाणे मोजे-बूट रंगवायला सुरुवात केली. तुझा पाय आहे तसाच बरोबर आहे, हे त्या मुलींना तोंडाने सांगायची गरज उरली नाही.

दिवस सगळे सारखे नसतात. २००४ साली कर्जापायी मंडळाचे प्रयोग बंद पडले आणि नाचणारे पांगले. शाळा मात्र तगली. वरचे झाड वाळले तरी मूळ ओले होते म्हणा ना. त्या पडत्या काळात हीच व्हर्जिनिया मंडळ पुन्हा उभे करायला परत आली आणि २०१२ साली मंडळ पुन्हा रंगमंचावर आले. मिचेलने ते डोळ्यांनी पाहिले. २०१८ मध्ये तो वारला.

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. नाचून पोट भरते का? थोड्यांचे भरते. त्या ४०० पोरांतली बहुतेक काही नर्तक झाली नसतील. पण ठरल्या वेळी आपली वाट पाहणारे कोणी आहे, ओळीत आपली एक जागा आहे आणि आपण गेलो नाही तर ती रिकामी दिसेल, हे ज्या पोराला कळले, त्याच्या मनाची उपासमार टळली. पोटाची भूक दिसते, आजी. ही दिसत नाही.

तुमच्या गावातही कोणी संध्याकाळी पोरांना जमवून लेझीम, ढोलकी, कुस्ती, काहीबाही शिकवत असेल. त्याला एखादी रिकामी खोली द्या, दिव्याची सोय करा. आणि त्याला एवढे मात्र सांगा, की दार उघडे ठेव. पहिल्याच दिवशी आत यायचे धैर्य सगळ्याच पोरांना नसते. काहींना आधी दारात उभे राहावे लागते.