दोष कोणाचा? : मराठी ख्रिस्ती साहित्यातील एका प्रश्नाविषयी

२०२२ सालची गोष्ट. एम.ए.च्या वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवणे चालू होते. आदल्या वर्षी करोनाच्या दुसऱ्या लाटेत वडील गमावलेली एक विद्यार्थिनी तास संपता संपता म्हणाली, "घरी भेटायला येणारे सांगायचे, मागल्या जन्मीचं काहीतरी असेल. लक्ष्मीबाईंना, पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती झाल्यावर याचं वेगळं उत्तर मिळालं का?" आमच्या टिपणांत लक्ष्मीबाईंची बोलीभाषा होती, विनोद होता, आत्मचरित्राचा आकृतिबंध होता. या प्रश्नाचे उत्तर मात्र नव्हते. पुढच्या तासाला सांगतो असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. तो पुढचा तास आम्ही नीट घेतला नाही, ही खंत या लेखामागे आहे.

मराठी ख्रिस्ती साहित्य आपण शिकवतो ते कसे, हे एकदा तपासून पाहावे. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' (१६१६) येते ते भाषेच्या इतिहासात. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७) येते ते आद्य कादंबरी म्हणून. रेव्हरंड टिळक येतात ते फुलामुलांचे कवी म्हणून. ही माणसे ज्या विश्वासासाठी लिहिती झाली, तो विश्वास आपण चरित्रात्मक माहितीच्या रकान्यात ठेवून देतो. वारकरी अभंग शिकवताना आपण असे करत नाही. तेथे सगुण-निर्गुणाच्या विवेचनाला दोन-दोन तास देतो. मग ख्रिस्ती विचारालाच ही वागणूक का? आमच्या मते, या साहित्याचा गाभा एका प्रश्नात आहे आणि तो प्रश्न टाळला, तर साहित्यही हातचे निसटते. माणसाच्या वाट्याला दुःख येते, तेव्हा दोष कोणाचा, हाच तो प्रश्न.

या टाळण्याला एक सबळ कारण आहे, हे मान्य करू. गोव्यातील सासष्टीत १५६७ साली देवळे पाडली गेली. त्यानंतर अर्धशतकाने राशोलला 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. त्या ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो, आमची जुनी पुराणे तर निषिद्ध ठरली, मग आम्ही वाचावे काय? पुढचा ग्रंथ या मागणीला उत्तर म्हणून उभा राहतो. ओवी मराठी, संवादाची घडण पुराणिकाची, आणि श्रोत्यांना शंका विचारण्याची मुभा. पण ज्याचे ग्रंथ काढून घेतले गेले, त्याच्या शंकेला मोकळी शंका कसे म्हणावे? सत्तेच्या सावलीत झालेले मतमंडन कितीही सुंदर असले, तरी त्याच्या सौंदर्याबरोबर ही अडचणही वर्गात सांगितली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात मात्र चित्र पालटते. राज्य इंग्रजांचेच होते, परंतु वाद आता दोन्ही बाजूंनी होऊ लागला. १८३९ साली जॉन म्यूर या कंपनी सरकारातील स्कॉटिश संस्कृतज्ञाने 'मतपरीक्षा' हा ख्रिस्ती मताचा पुरस्कार करणारा ग्रंथ संस्कृतात लिहिला. त्याला ज्या पंडितांनी संस्कृतातूनच उत्तरे दिली, त्यांत काशीत वाढलेले एक तरुण कोकणस्थ शास्त्री होते : नीळकंठशास्त्री गोरे. त्यांच्या 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' (१८४४–४५) या ग्रंथातील आक्षेप आजही बोचतात. जन्म एकच मानला, तर एक मूल धडधाकट आणि दुसरे पंगू का जन्मते? ईश्वर न्यायी असेल, तर या विषमतेचा हिशेब कोठे लागतो? आणि एका अल्पायुष्यातील पापासाठी अनंतकाळचा नरक, हा कोणता न्याय?

हे आक्षेप पोरकट नव्हेत. कर्मसिद्धान्ताची खरी ताकद येथे दिसते. तो दुःखिताला दोष देण्यासाठी जन्मलेला नाही. जगात अन्याय नाही, ईश्वर पक्षपाती नाही, हे सांगण्यासाठी तो उभा आहे. सांत्वनाला आलेले आप्त त्याचे जे करतात, त्यावरून त्याची परीक्षा करू नये. आणि हेच नीळकंठशास्त्री १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. पुढे १८६० साली त्यांनी 'षड्दर्शनदर्पण' लिहून सहाही दर्शनांची चिकित्सा केली. प्रश्नाच्या दोन्ही तीरांवर उभा राहिलेला असा माणूस आपल्या परंपरेत आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांना त्याचे नावही ठाऊक नसते.

ख्रिस्ती बाजूचे उत्तर काय? नव्या करारात दोन प्रसंग आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांना एक जन्मांध माणूस दिसतो आणि ते गुरूला विचारतात की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो, देवाचे कार्य याच्या ठायी प्रकट व्हावे असे म्हणतो आणि मातीचा लेप करून त्याच्या डोळ्यांना लावतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख येतो. तेथेही तो बजावतो की, मेलेले हे इतरांहून अधिक पापी होते असे समजू नका. दुःख आणि दोष यांचा जोडून मांडलेला हिशेब या दोन्ही ठिकाणी तोडलेला आहे. पहिल्या प्रसंगातील उत्तर कारणाकडून कार्याकडे वळते : हे का झाले यापेक्षा आता काय करायचे, याकडे. त्यावरही शंका घेता येते. देवाचे कार्य दिसावे म्हणून एखाद्याने वर्षानुवर्षे अंधारात काढायची काय? ही शंका आम्हांला रास्त वाटते. पण आंधळ्यावरचा आरोप पुसला गेला, ही गोष्ट लहान नव्हे.

ती किती मोठी, हे रमाबाईंकडे पाहिले की कळते. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण १८७४च्या सुमारास दुष्काळात गेली. आयुष्यभर तीर्थयात्रा, पुराणपठण, दानधर्म केलेले हे कुटुंब. पुढे भाऊ गेला, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ साली, पतीही. 'द हाय कास्ट हिंदू वूमन' (१८८७) या पुस्तकात वैधव्याविषयी लिहिताना त्यांनी मुळावरच बोट ठेवले : वैधव्य हे पूर्वजन्मीच्या पातकाचे फळ मानले जाते, म्हणून विधवा ही दुःखी राहत नाही, ती अपराधी ठरते. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाची ही जुनी, अधिक क्रूर आवृत्ती.

१९०७ सालच्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, एरव्ही परस्परांशी न जुळणारी शास्त्रे स्त्रीला हीन आणि मोक्षाला अपात्र ठरवण्यात मात्र एकमुखी असल्याचे त्यांना आढळले. इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणारे एक आश्रमगृह त्यांनी पाहिले. तेथील भगिनीने त्यांना योहानाचा चौथा अध्याय, विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा, वाचून दाखवली. त्या पाहण्या-ऐकण्याने त्यांचे मन फिरले, आणि १८८३च्या सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे युक्तिवादाच्या आधी दृश्य आहे. अपराधी ठरवलेल्या बाईशी कोणी सरळ बोलतो, तिच्या हातचे पाणी मागतो, हेच रमाबाईंच्या लेखी प्रमाण ठरले. तथापि त्यांनी बुद्धी गहाण ठेवली नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रैक्याच्या सिद्धान्तावरून आणि चर्चच्या अधिकारावरून त्यांचे खटके उडत राहिले. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली हा पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला. सदसद्विवेकाच्या हक्कासाठी धर्मगुरूंशी भांडणारी ख्रिस्ती स्त्री त्यात भेटते. १८९६–९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. त्यांचा दोष काय, हा प्रश्न केडगावच्या दारात कोणी विचारला नाही.

लक्ष्मीबाईंचा मार्ग आणखी वेगळा. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. पुढे त्या नवऱ्याजवळ परतल्या तरी चूल आणि सोवळे त्यांनी वेगळे ठेवले. अस्पृश्यता माणसाने केलेली आहे, देवाने नव्हे, हे त्यांना पटले ते घरातल्या चुलीपाशी आणि पाण्याच्या घड्यापाशी, कोणाच्या व्याख्यानाने नव्हे. १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे'त त्या ख्रिस्ती मताचे मंडन कोठेच करत नाहीत. टिळकांचा तापटपणा, विसराळूपणा, उधळेपणा, काहीही झाकत नाहीत. ख्रिस्ती झाल्यावर दुःख संपले, असा दावाही नाही. म्हणूनच आम्हांला हे पुस्तक या विश्वासाची सर्वांत भक्कम साक्ष वाटते. ज्याला स्वतःचे दोष हसत सांगता येतात, त्याच्या श्रद्धेवर परक्यालाही विश्वास ठेवावासा वाटतो.

एवढ्याने सारे प्रश्न सुटतात, असे आमचे म्हणणे नाही. तरुण गोऱ्यांचा अनंत नरकाविषयीचा आक्षेप आमच्या मते आजही उभाच आहे. दुष्काळात मेलेल्या तान्ह्या मुलाचे काय, याचे उत्तर ख्रिस्ती विचाराजवळ नाही. त्याच्याजवळ आहे तो एक क्रूस : स्वतः निर्दोष असून मरण पत्करणारा देव. कारण सांगण्याऐवजी सोबत देणारे हे उत्तर आहे. ज्याला हिशेब हवा आहे त्याला ते अपुरे वाटेल, आणि ज्याच्यावर हिशेबाचा वरवंटा फिरला आहे त्याला ते पुरेसे वाटू शकेल. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही. पण कर्मसिद्धान्ताला अंती कोठे पोचावे लागते, तर अनादी कर्माशी. आणि ख्रिस्ती विचाराला पोचावे लागते एका गूढाशी. दोन्हीकडे तर्क एका उंबरठ्यावर थांबतो. विद्यार्थ्याला या उंबरठ्यापर्यंत नेणे हे साहित्याच्या शिक्षकाचे काम आहे. त्यापुढे कोठे जायचे, हे त्याचे त्याने ठरवावे.

यंदापासून आम्ही अंतर्गत परीक्षेत 'स्मृतिचित्रे'च्या भाषाशैलीवरील नेहमीचा प्रश्न काढून टाकला आहे. त्याजागी विचारतो आहोत : रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांना दुःखाविषयी ख्रिस्ती विचाराने काय दिले आणि काय दिले नाही? त्या विद्यार्थिनीचे शिक्षण केव्हाच पूर्ण झाले. हा लेख तिच्या पाहण्यात आला, तर तिने तो आमचा राहिलेला तास समजावा.