जुने घर पाडण्याआधी एक खोली करून पाहा

मे महिना आला की मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या आमच्या गावांतून एकच चर्चा ऐकू येते. कुवेत, कतार किंवा सौदीहून मुलगा सुट्टीवर आलेला असतो, मुंबईचे भाऊ सहकुटुंब आलेले असतात आणि रात्रीचे जेवण झाले की ओटीवर विषय निघतो : घराचे काय करायचे? घर आजोबांच्या वेळचे. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले, मधे लाकडी माळा, दारे सागाची. एका कोपऱ्यात गळते, माजघराची भिंत खालून ओली आहे, न्हाणीची फरशी उखडली आहे. मुलगा म्हणतो, पाडू या आणि स्लॅबचा बंगला बांधू. वडील गप्प बसतात. आई म्हणते, निदान पुढची खोली तरी रंगवून घ्या, पाहुणे येतात.

आमचे मत विचाराल तर तिघांत आईचे म्हणणे सर्वांत कामाचे आहे. एका वेळी एक खोली, हा हिशेब तिला बरोबर कळलेला आहे. फक्त सुरुवात तिने चुकीच्या टोकाला केली.

आधी पैशाचे बोलू. आखातातला पैसा एकरकमी येत नाही, महिन्यामहिन्याने येतो. दुकानदाराचा पैसाही हंगामाने येतो. पूर्ण बंगल्याला मात्र मोठी रक्कम एकदम लागते आणि काम मधेच थांबवता येत नाही. ज्यांनी थांबवले त्यांची घरे गावोगाव दिसतात. खांबांतून गंजक्या सळया वर आलेल्या, खिडक्यांना गोणपाट लावलेले आणि कुटुंब चार-पाच वर्षे नातेवाइकांच्या घरी. २०२० साली कोरोनाच्या काळात आखातातून अनेकांना नोकरी सोडून परतावे लागले, तेव्हा अशा अर्धवट घरांच्या मालकांची काय अवस्था झाली ती सर्वांनी पाहिली. खोलीवार काम करणाऱ्यालाही त्या वर्षी हात आखडावा लागला, पण त्याची जी खोली पुरी झाली होती ती पुरी होती. तिच्यात माणसे झोपत होती.

काही घरे पाडावीच लागतात हे आम्ही नाकारत नाही. जोते एका बाजूने खचले असेल, भिंत ओळंब्यातून सुटून बाहेर झुकली असेल, मुख्य तुळया वाळवीने आतून पोकळ केल्या असतील, तर तेथे माया दाखवणे धोक्याचे आहे. जाणत्या माणसाला दाखवा आणि तो सांगेल ते ऐका. पण आमच्या पाहण्यात पाडलेल्या घरांपैकी बरीच अशी होती की त्यांना रोग एकच होता, पाणी. आणि पाण्यावर इलाज होतो.

हे आम्ही स्वतः हात पोळून घेऊन शिकलो. २०११ साली आमच्या घरच्या माजघराचे काम काढले. शहरातून एक ठेकेदार आणला. त्याने जुना चुन्याचा गिलावा खरवडून काढला, वाळू-सिमेंटचा गिलावा केला, पुट्टी भरली, वर प्लास्टिक पेंट मारला. खाली चकचकीत टाइल्स बसवल्या आणि माळ्याच्या लाकडाखाली पीओपीचे छत लावले. खोली फोटोत काढण्यासारखी झाली. दोन पावसाळे गेले आणि रंगाला फोड आले. फोड फुटून पांढरी भुकटी पडू लागली, जिला आपले लोक लोणा म्हणतात. पूर्वी कमरेपर्यंत असलेली ओल खांद्यापर्यंत चढली. तिसऱ्या वर्षी पीओपीचा एक तुकडा जेवताना ताटात पडला, तेव्हा कळले की वर कौल सरकलेले होते आणि छताने ते दोन वर्षे झाकून ठेवले होते.

ठेकेदार बेइमान नव्हता. त्याला जे येत होते ते त्याने केले. चिऱ्याचा स्वभाव मात्र त्याला माहीत नव्हता आणि खरे सांगायचे तर आम्हालाही नव्हता. जांभा दगड सच्छिद्र असतो. जमिनीतली आणि पावसाची ओल तो पितो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि त्याहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा भिंत ओली होणारच. चुन्याचा गिलावा ती ओल उन्हाळ्यात बाहेर सोडतो. सिमेंट आणि प्लास्टिक पेंट तिचा रस्ता बंद करतात. मग पाणी वाट शोधत वर चढते, बरोबर क्षार नेते आणि जेथे फट मिळेल तेथून बाहेर पडते. म्हणजे आम्ही पैसे देऊन भिंतीचे नाक दाबले होते.

शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्या गवंडी चाचांनी ती खोली परत ठीक केली. त्यांनी पहिले काम खोलीत केलेच नाही. शिडी लावून ते छपरावर गेले. दोन वासे बदलले, कौले उतरवून घासून परत लावली, वळचणीला पन्हळ बसवली आणि मागच्या अंगणातली माती जोत्याला टेकली होती ती खणून काढली. मग आत येऊन सिमेंट फोडले आणि म्हणाले, आता ही भिंत पूर्ण उन्हाळा उघडी राहू दे. आमची घाई त्यांनी ऐकली नाही. नवा गिलावा पुढच्या हिवाळ्यात झाला.

क्रम हाच. छप्पर, बाहेरच्या पाण्याचा निचरा, मग लाकूड, मग वायरिंग, मग गिलावा, मग जमीन आणि सर्वांत शेवटी रंग. वायरिंगसाठी चिऱ्याची भिंत खोदत बसू नये, वरून पाइप टाकून न्यावे, अर्थिंग नीट करावे आणि गळती पकडणारा स्विच बसवावा. सजावटीचे सामान घ्यायला घाई करणाऱ्याने एवढेच लक्षात ठेवावे की पडदा बदलायला एक दिवस लागतो आणि भिंत वाळायला एक वर्ष.

चुन्याचे काम कसे होते ते जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या तरुण गवंड्यांपैकी पुष्कळांनी ते पाहिलेलेच नाही. कळीचा चुना पाण्यात विझवतात. तो उकळतो, अंगावर उडतो, डोळ्यांना फार वाईट, म्हणून चष्मा आणि हातमोजे लागतातच. विझवलेला चुना पाण्याखाली झाकून काही आठवडे मुरू देतात. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. पूर्वी कोकणात किनाऱ्यावर शिंपले भाजूनही चुना करीत. एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग नदीची धुतलेली वाळू, खाऱ्या पाण्याची वाळू अजिबात नको. ओलीच्या जागी विटांची सुरखी मिसळतात, तिने चुना लवकर आणि घट्ट धरतो. मोठ्या कामाला बैलाच्या घाणीत मळत, आता मिक्सरवरही भागते. जुने कारागीर त्यात गुळाचे पाणी, हिरडा, बेलफळाचा गर घालीत. भिंत आधी भिजवायची, थर पातळ द्यायचा आणि ओले गोणपाट लावून तो हळूहळू वाळू द्यायचा. भर उन्हात घाईने वाळवला तर तडे जातात. पावसाळ्यात हे काम होत नाही. तयार हायड्रॉलिक चुनाही बाजारात मिळतो, पण महाग पडतो.

रंगही चुन्याचाच द्यावा. पातळ तीन-चार हात, त्यात पिवडी, गेरू किंवा नीळ. आमच्या आजोबांच्या ओटीचा तो फिका निळा रंग याच नीळीचा होता. कंपनीच्या शेड कार्डवर तो सापडणार नाही.

छपराबद्दल थोडे वेगळे बोलावे लागेल. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली बासल मिशनने मंगळूरला काढला आणि ती कौले पश्चिम किनाऱ्यावर घरोघर पोहोचली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड भागात कौले उडाली, पोफळी-नारळाच्या बागा झोपल्या आणि पावसाळा तोंडावर असल्यामुळे अनेकांनी मिळेल तो पत्रा ठोकला. त्या दिवसांत दुसरा इलाज नव्हता. पण पत्रा राहिला तो कायमचाच. ज्यांच्या अंगणात जुनी कौले अजून रचून ठेवलेली आहेत त्यांनी ती भंगारवाल्याला देऊ नयेत. निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांची खाच एकमेकांत नीट बसत नाही, म्हणून जुन्या छपराला जुनेच कौल उपयोगी पडते आणि ते शोधायला गेले की सहज मिळत नाही. माजघर अंधारे असेल तर दोन काचेची कौले बसवा. कोणत्याही पीओपीच्या दिव्यांपेक्षा तो खर्च थोडा आहे आणि बिलही येत नाही.

आता व्यापाराची गोष्ट. घर पाडताना सागाची दारे, चौकटी, कोरीव कमानी, शिसवी पलंग, जुनी कपाटे गाडीभर भावाने विकली जातात. हाच माल मुंबईच्या चोरबाजारात आणि जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात घासून, पॉलिश करून उभा राहतो आणि मग त्याची किंमत ऐकून विकणाऱ्याला घाम फुटतो. यात व्यापाऱ्याचा दोष नाही, त्याने माल ओळखला. त्या धंद्यात आमचे बांधव पुष्कळ आहेत आणि त्यांनी तो खुशाल करावा. पण आपले दार विकून त्याच पैशाने प्लायवूडचे फ्लश डोअर बसवणाऱ्याचा हिशेब आम्हाला अजून कळलेला नाही. जुने साग, ऐन, किंजळ खालून चार बोटे कुजले असेल तर तेवढाच भाग कापून नवा तुकडा जोडता येतो. ते काम चांगल्या सुताराचे आहे. वाशांना काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची जुनी रीतही वाळवीवर गुणकारी आहे. प्लायवूड घ्यावेच लागले तर न्हाणी-स्वयंपाकघराजवळ आयएस ७१० चा शिक्का पाहून घ्यावे.

जमिनीचे थोडक्यात. मुंबईत १९२२ साली भारत फ्लोअरिंग्ज सुरू झाली आणि नक्षीच्या सिमेंट फरश्या आपल्याकडे रुळल्या. काही जुन्या घरांत त्या अजून आहेत. त्या भाजलेल्या नसतात, दाबून केलेल्या असतात, म्हणून त्यांच्यावर अॅसिड कधीही ओतू नये. घासून, धुऊन पाहा. वीस फरश्या फुटल्या म्हणून दोनशे उखडू नका.

कारागीर बांधवांशी आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. घरमालक सांगतात, चुन्याचे काम करणारा माणूस मिळत नाही. गवंडी सांगतात, चुन्याचे काम कोणी देत नाही. दोन्ही खरे आहे आणि दोघे एकमेकांची वाट पाहत बसले आहेत. चाचांचा मुलगा दोहाला टाइल फिटर आहे. त्यांच्याकडून तो हुन्नर कोणीही घेतला नाही. पहिले पाऊल कारागिराने टाकावे असे आम्हाला वाटते. पूर्ण घराचा ठेका मागू नका, एका खोलीचा मागा. कागदावर लिहून द्या : कोणती खोली, छपरापासून जमिनीपर्यंत काय काय, माल कोणाचा, किती दिवस, पैसे किती टप्प्यांत, आणि दोन पावसाळे भिंतीची जबाबदारी कोणाची. गवंडी, सुतार, कौले लावणारा आणि वायरमन अशी चौघांची टोळी मिळून हा ठेका घेऊ शकते. एक खोली टिकली की दुसऱ्या खोलीचे काम त्याच घरात, आणि तिसरे शेजारच्या घरात. गावात अशी पन्नास घरे असतील तर टोळीला वर्षानुवर्षे रोजी आहे, तीही आपल्या गावात राहून. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू आहे. तिच्या १८ व्यवसायांत सुतार आणि गवंडी दोन्ही आहेत. प्रशिक्षणाच्या दिवसांचे ५०० रुपये रोज आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत तिच्यात ठेवलेली आहे. कर्जाला ५ टक्के व्याज आहे, ते घ्यायचे की नाही ज्याचे त्याने ठरवावे. अवजारांच्या मदतीला व्याज नाही.

घरमालकांसाठी एक अवघड गोष्ट राहिली. जुने घर बहुधा एकाचे नसते. चार भाऊ, तीन बहिणी आणि वारलेल्या काकांची मुले. कुवेतवाला भाऊ स्वतःच्या पैशाने माजघर करतो आणि दहा वर्षांनी वाटणीच्या वेळी म्हणतो, हा भाग माझा. तेथून कोर्टकचेरी सुरू होते आणि घर कुलुपात पडते. कुलूप लावलेले कौलारू घर चार-पाच पावसाळ्यांत बसते, मग कोणाचाच हिस्सा उरत नाही. म्हणून खर्च करण्यापूर्वी सर्वांना, बहिणींनाही, बसवून लिहून ठेवावे की खर्च करणाऱ्याने तो घरासाठी दिला की उसना दिला, आणि ज्यांचा हिस्सा आहे तो तसाच आहे. एका पानाचे काम आहे. सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि पावत्या त्याच फाइलीत ठेवाव्यात. आमच्या घरात हे पान माजघर झाल्यानंतर लिहिले गेले. आधी लिहिले असते तर एका ईदला दोन भावांची तोंडे दोन दिशांना झाली नसती.

आमची न्हाणी अजून बाकी आहे आणि माळ्यावरच्या खोलीचे दोन वासे बदलायचे आहेत. चाचांना आता शिडी चढवत नाही. त्यांचा नातू बारावीची परीक्षा देऊन घरी बसला आहे. पाऊस उघडला की चुना भिजत घालायचा आणि तो त्याच्याकडून मळून घ्यायचा, चाचा खुर्ची टाकून अंगणात बसतील, असे ठरले आहे. रोज काय द्यायचा तेवढे बोलणे राहिले आहे.