टीव्हीच्या खोक्यावर आणखी एक वर्ष छापा




सप्टेंबर 2025 मध्ये बत्तीस इंचांवरच्या टीव्हीवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. तेव्हापासून बीडच्या सुभाष रोडपासून केज-धारूरपर्यंत जिकडेतिकडे मोठ्या स्मार्ट टीव्हींचे फलक झळकत आहेत. स्वस्त झाले, चांगलेच झाले. पण हा टीव्ही किती वर्षे ‘स्मार्ट’ राहणार, हे ना फलकावर असते ना खोक्यावर.

पडदा आठ-दहा वर्षे सहज टिकतो. आतले सॉफ्टवेअर त्याच्या कितीतरी आधी थकते. स्वस्त संचात मेमरी मुळातच बेताची. काही वर्षांत एखादे ॲप अपडेट घेईनासे होते आणि एक दिवस ‘या उपकरणावर चालणार नाही’ म्हणून मोकळे होते. आमच्या घरी तेच झाले. टीव्ही कंपनी म्हणते ॲपवाल्यांना विचारा, ॲपवाले म्हणतात टीव्ही कंपनीला विचारा. पिक्चर ट्यूबचा संच बिघडला तर गावातला मेकॅनिक कंडेन्सर बदलून तो पुन्हा चालू करायचा. इथे त्याचेही हात बांधलेले. तो टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावायला सांगतो. ती चालते, पण तिलाही पुढेमागे हाच रोग.

शहरात ही किरकोळ कुरकुर वाटेल. आमच्या जिल्ह्यातले ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जाते, ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परतते. तोवर घराला कुलूप आणि टीव्ही आत. कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जे पाहायचे ते मोबाइलवर. म्हणजे वर्षाच्या वॉरंटीतले निम्मे वर्ष टीव्ही लावलाच जात नाही. परत येऊन तो सुरू केला की आधी अपडेट मागतो. हा अपडेट उतरवायचा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, दिवसाला मिळणाऱ्या दीड-दोन जीबीतून. त्या दिवशीचे पाहणे राहिलेच.

‘साधा एलईडी घ्या, डीडी फ्री डिशची छत्री बसवा’ हा सल्ला मी स्वतःही देतो. छत्रीचा खर्च एकदाच, महिन्याचे भाडे नाही. पण आपल्याच मराठवाड्यातल्या प्रकरणावरची ‘मानवत मर्डर्स’ ही वेब मालिका पाहायची तर सोनी लिव्ह लागते. खुद्द प्रसार भारतीनेही नोव्हेंबर 2024 मध्ये ‘वेव्हज’ हे ॲप आणले. सरकारी प्रसारणच ॲपवर येत असताना लोकांना ॲपपासून लांब राहा म्हणणे किती दिवस चालेल?

तंत्रज्ञान रोज बदलते, आधीपासून कसे सांगणार, असे कंपन्या म्हणतील. ब्रिटनमध्ये मात्र सांगावे लागते. इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणाला सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील, हे जाहीर करणे तिथे 29 एप्रिल 2024 पासून बंधनकारक आहे. अमुक इतकी वर्षे द्याच, असे तो कायदा म्हणत नाही. ॲप चालण्याची हमीही त्यात नाही. तरी गिऱ्हाईक निदान विचारून-पारखून घेऊ शकते.

आपल्याकडे त्यासाठी नवा कायदाही नको. आवेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांप्रमाणे खोक्यावर उत्पादनाचा महिना, वर्ष आणि कमाल किंमत छापावीच लागते. त्याखाली एक ओळ वाढवावी: सॉफ्टवेअर अपडेट कोणत्या वर्षापर्यंत. सवलतीत मिळणारा संच बऱ्याचदा जुन्या मॉडेलचा असतो, आणि ही मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जात नाही. मॉडेल बाजारात आले तेव्हाच तिची सुरुवात झालेली असते. ते वर्ष डोळ्यांसमोर असेल तर पाच हजारांची सूट खरी की खोटी, हे दुकानातच कळेल.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळावी, हा त्यामागचा हेतू. सॉफ्टवेअर हाही टीव्हीचा भागच आहे. जिल्ह्यातल्या ग्राहक संघटनांनी ही मागणी त्या विभागाकडे लेखी नेली, तर सही करायला मी पहिला येईन.

— एक ग्राहक, केज (जि. बीड)