फिरते कारशेड आणि नंदुरबारचा हिशेब

१/ नंदुरबारच्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाला क्वचितच ठाऊक असते, की हे स्थानक पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात मोडते. चर्चगेटची लोकल आणि तापी खोऱ्यातून धावणारी गाडी यांचा कारभार एकाच विभागाकडे आहे. मुंबईच्या वाहतुकीचे राजकारण सातपुड्याच्या पायथ्याशी परके नाही, हे पटण्यासाठी एवढा पुरावा पुरे.

२/ महानगराचा वाहतूक आराखडा अभियंते ठरवतात, हा पाठ्यपुस्तकी समज आहे. गेल्या दोन दशकांचा इतिहास निराळे सांगतो. रेघा अभियंते आखतात, समारंभाच्या तारखा निवडणुका ठरवतात आणि आखलेल्या रेघा सत्तांतर पुसते. पुसलेल्या रेघेची किंमत मात्र कोणताच पक्ष आपल्या नावे मांडत नाही. हा धागा त्याच किमतीचा आहे.

३/ आरंभ २००४ पासून करू. त्या वर्षी दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनने मुंबईसाठी बृहत् आराखडा दिला: नऊ मार्ग, सुमारे १४६ किलोमीटर. पहिल्या मार्गाची, म्हणजे वर्सोवा-अंधेरी-घाटकोपरची पायाभरणी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी २१ जून २००६ रोजी केली. तो मार्ग धावू लागला ८ जून २०१४ रोजी. अवघे ११.४ किलोमीटर आणि आठ वर्षे.

४/ दुसरा मार्ग चारकोप-वांद्रे-मानखुर्द. त्याची पायाभरणी ऑगस्ट २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान होते. पुढे काम उभेच राहिले नाही आणि २०१४ च्या नोव्हेंबरात, सरकार बदलल्यावर, कंत्राट रद्द झाले. कोनशिला बसली, मार्ग बसला नाही. त्याच मार्गाचे पुढे '२ अ' आणि '२ ब' असे दोन तुकडे झाले आणि दोहोंची पायाभरणी नव्याने झाली.

५/ तिसरा मार्ग कुलाबा-वांद्रे-सीप्झ, मुंबईतील पहिली संपूर्ण भुयारी मेट्रो. पायाभरणी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या काळात, ऑगस्ट २०१४ मध्ये. विधानसभेचे मतदान १५ ऑक्टोबर २०१४. पाच वर्षांच्या अंतराने महिना तोच आणि मतदानाला उरलेले अंतरही जवळपास तेवढेच.

६/ हा दोष एका पक्षाचा समजणे भाबडेपणाचे ठरेल. 'मेट्रो २ ब' आणि 'मेट्रो ४' यांची पायाभरणी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २४ डिसेंबर २०१६ रोजी केली. मुंबई महापालिकेचे मतदान २१ फेब्रुवारी २०१७ ला होते. 'मेट्रो ३' चा पहिला टप्पा ५ ऑक्टोबर २०२४ रोजी खुला झाला; दहा दिवसांनी आचारसंहिता लागू झाली.

७/ 'मेट्रो २ अ' आणि 'मेट्रो ७' यांची कथा तर अधिकच बोलकी. पायाभरणी २०१५ मध्ये भाजप-शिवसेना सरकारच्या काळात. पहिल्या टप्प्याचे उद्घाटन २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते. दुसऱ्या टप्प्याचे १९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते. रूळ तेच, श्रेयाचे मानकरी वेगळे. आणि मधल्या काळातला वाद रुळांविषयी नव्हे, श्रेयाविषयी.

८/ खानदेशही या पंचांगातून सुटलेला नाही. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्याच्या सभेतून उधना-जळगाव दुहेरीकरण आणि विद्युतीकरणाचे लोकार्पण झाले. भुसावळ-वांद्रे खानदेश एक्स्प्रेस आणि नंदुरबार-उधना मेमू यांना तेथूनच हिरवा झेंडा दाखवण्यात आला. लोकसभेची निवडणूक १० मार्चला जाहीर झाली. दुहेरीकरण खरे आणि उपयुक्तही. पण गाडी कोणत्या दिवशी सुटावी, हे प्रवाशांच्या गरजेने ठरले होते काय?

९/ आता या इतिहासातील सर्वांत महागड्या प्रकरणाकडे वळू: 'मेट्रो ३' चे आरे येथील कारशेड. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. मतदान २१ ऑक्टोबरला होते.

१०/ त्या वेळी शिवसेना सत्तेत होती आणि वृक्षतोडीच्या विरोधातही होती. निवडणुकीनंतर युती तुटली. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी कारशेडच्या कामाला स्थगिती दिली. ज्या काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या सरकारने या मार्गाची कोनशिला बसवली होती, तेच पक्ष आता स्थगिती देणाऱ्या सरकारात होते.

११/ याच सरकारने नेमलेल्या समितीने कारशेड आरेतून हलवू नये, असा अभिप्राय दिला. तो बाजूला ठेवून ११ ऑक्टोबर २०२० रोजी कांजूरमार्गची घोषणा झाली. केंद्राने त्या जमिनीवर मिठागरांची जमीन म्हणून हक्क सांगितला. १६ डिसेंबरला उच्च न्यायालयाने जमीन हस्तांतरणास स्थगिती दिली. केंद्रात एक पक्ष, राज्यात दुसरे. मधल्या चिखलात कारशेड रुतले.

१२/ ३० जून २०२२ रोजी एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. शपथविधीच्या दिवशीच कारशेड पुन्हा आरेत नेण्याची दिशा ठरली. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. कांजूरमार्गचा निर्णय झाला तेव्हा राज्याचे नगरविकास मंत्री एकनाथ शिंदे हेच होते. एकाच व्यक्तीच्या राजकीय आयुष्यात कारशेडने दोन पत्ते बदलले. पत्ता बदलला तो भूगर्भशास्त्र बदलले म्हणून नव्हे.

१३/ सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ८४ झाडांच्या परवानगीसाठी अर्ज करण्याची मुभा दिली. मेट्रो कंपनी १७७ झाडांकडे वळली, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने तोडीस संमती देतानाच तिला १० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. आणि जे कांजूरमार्ग अयोग्य म्हणून सोडले गेले, तेथेच पुढे 'मेट्रो ६' चे कारशेड योजले गेले.

१४/ हिशेब असा. मूळ मंजूर खर्च २३,१३६ कोटी रुपये. पुढे तो ३७,२७६ कोटींवर गेला. ही सर्व वाढ कारशेडच्या वादाने झाली, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. भुयाराची कामे, महासाथ, महागाई हीही कारणे आहेत. परंतु अडीच वर्षांत दोनदा फिरलेल्या निर्णयाचा वाटा शून्य आहे, असे म्हणणे त्याहून अप्रामाणिक. कफ परेडपर्यंतचा संपूर्ण मार्ग खुला व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडले.

१५/ या वादात दोन्ही बाजूंकडे सत्याचा अंश होता. आरे हे शहराच्या पोटातले रान आहे. भुयारी मेट्रो हीदेखील पर्यावरणाचीच गरज आहे. अशा पेचाचा निवाडा पुराव्यांनी व्हायला हवा होता. तो सत्तेच्या बेरजेने झाला. ज्यांनी झाडांना मिठी मारली त्या तरुणांचा आणि ज्यांनी लोकलच्या दारात लोंबकळत वर्षे काढली त्या कामगारांचा, दोघांचाही तो अवमान होता.

१६/ तिसरा अवमान अधिक मूक आहे. आरेत आदिवासींचे पाडे आहेत. कारशेडसाठी प्रजापूरपाड्यातील घरे हलवली गेली. नर्मदेच्या पाण्याखाली मणिबेली गेलेली पाहणाऱ्या अक्कलकुवा आणि अक्राणीला या भाषेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दोन्हीकडे विकासाचा नकाशा आधी आला, पाड्यातील माणूस नंतर आठवला. पक्षांच्या भांडणात झाडे मोजली गेली, घरे फारशी कोणी मोजली नाहीत.

१७/ आता नंदुरबारचा वाटा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके. रूळ फक्त नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांतून जातात. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी यांना सार्वजनिक वाहन म्हणजे एसटी. चांदसैली घाटातून धडगावला किंवा देवगोई घाटातून मोलगीला जायचे, तर मेट्रोचा कोणताही क्रमांक कामाचा नाही.

१८/ त्या एसटीचे काय झाले? २०२१ च्या दिवाळीत विलीनीकरणाच्या मागणीसाठी कर्मचाऱ्यांचा संप पेटला. तेव्हाचे विरोधक आझाद मैदानात मागणीच्या बाजूने उभे होते. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्यास सांगितले, तेव्हा संप शमला. दोन महिन्यांनी तेच विरोधक सत्तेत आले. विलीनीकरण आले नाही. मागणी व्यवहार्य नसेल, तर मैदानातही ती तशीच होती.

१९/ मार्च २०२३ मध्ये महिलांना एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळाली. सवलत रास्तच, परंतु सवलतीचे तिकीट हातात असून थांब्यावर गाडी नसेल, तर त्या तिकिटाचे करायचे काय? नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचे मतदान झाले. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. मुंबईत कोनशिलेचे पंचांग, नंदुरबारात तिकिटाचे, ज्योतिषी एकच.

२०/ आक्षेप येईल: लोकशाहीत सरकार बदलले की धोरण बदलणारच, नाही तर मतदान कशासाठी? आक्षेप वजनदार आहे. पण धोरण बदलणे आणि निर्णय उलटवणे यांत फरक आहे. धोरण कारणे देऊन, खर्च मांडून, सभागृहात उत्तर देऊन बदलते. शपथविधीनंतर चोवीस तासांच्या आत जे बदलते, ते धोरण नव्हे. तो मागच्या सरकारला दिलेला टोला असतो.

२१/ हे टाळता येते, याचा दाखला महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर आहे. कोकण रेल्वे महामंडळ जुलै १९९० मध्ये स्थापन झाले. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. त्या काळात विश्वनाथ प्रताप सिंग यांच्यापासून इंद्रकुमार गुजराल यांच्यापर्यंत सहा पंतप्रधान झाले. गोव्यातील मार्गावरून तीव्र वाद झाला, चौकशी झाली. निकालानंतर काम पुढे गेले. सरकारे बदलली, रेघ टिकली.

२२/ मार्ग अज्ञात नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने महानगरांसाठी एकीकृत वाहतूक प्राधिकरण सुचवले. २०१७ च्या मेट्रो धोरणाने ते पुन्हा बजावले. अशा प्राधिकरणाला कायद्याचे बळ हवे. मंजूर मार्ग फिरवायचा असेल, तर वाढीव खर्च आणि विलंब आधी विधिमंडळात मांडण्याचे बंधन हवे. आणि शहरासाठी कर्ज काढताना जिल्ह्यांच्या एसटीला काय उरते, हेही त्याच पानावर छापले जावे.

२३/ इतिहास वाचणाऱ्या तरुणांना यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. कोणत्याही कोनशिलेसमोर उभे राहून तीन तारखा टिपाव्यात: पायाभरणीची, त्यानंतरच्या मतदानाची आणि पहिली गाडी धावल्याची. मुंबईच्या मेट्रोसाठी हे करावे, धडगावच्या बसस्थानकासाठीही करावे. पहिल्या दोन तारखांत आठवडे आणि शेवटच्या दोन तारखांत वर्षे निघाली, की तो दगड कशासाठी बसवला होता, हे विचारायला पुढाऱ्याच्या दारी जावे लागत नाही.