विश्लेषण : सेटिंगमध्ये नाव एक, मदत पानावर दुसरे, बटण सापडायचे कसे?

फोनमधला एखादा पर्याय बंद करायचा असतो. मदत पान उघडले की तिथे लिहिलेले असते, 'सेटिंग्जमध्ये जा, अमुक नावावर टॅप करा'. सेटिंग्जमध्ये मात्र त्या नावाचे काहीच नसते. अपडेटमध्ये नाव बदललेले असते किंवा तो पर्याय दुसऱ्याच पर्यायाच्या पोटात गेलेला असतो. 'मला मोबाइलमधले कळत नाही' असे म्हणत वापरकर्ता स्वतःलाच दोष देतो. खरे तर चूक कंपनीची असते आणि ती वाटते तितकी किरकोळ नाही.

गुगलचे प्रकरण काय होते?

ऑगस्ट २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने गुगलच्या 'लोकेशन हिस्टरी' या सेटिंगचा छडा लावला. ते बंद केले की तुम्ही कुठे जाता याची नोंद ठेवली जाणार नाही, असे मदत पान सांगत होते. प्रत्यक्षात काही नोंदी सुरूच राहत. नकाशा उघडला की ठिकाण साठवले जाई, कारण त्याची परवानगी 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' नावाच्या दुसऱ्याच सेटिंगमध्ये होती आणि तीही आधीपासून सुरू असलेली. या दुसऱ्या नावावरून ठिकाणाचा काही संबंध असेल असा संशय कोणाला येणार? बातमीनंतर काही दिवसांतच गुगलने मदत पानावरचा मजकूर बदलला.

मजकूर बदलला तरी प्रकरण मिटले नाही. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने गुगलला न्यायालयात खेचले. जानेवारी २०१७ ते डिसेंबर २०१८ या काळात अँड्रॉइड वापरणाऱ्या काही ग्राहकांची दिशाभूल झाली, असा निकाल फेडरल कोर्टाने २०२१ मध्ये दिला आणि २०२२ मध्ये सहा कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी गुगलने ३९.१५ कोटी डॉलरची तडजोड केली. एवढ्या रकमेत किती लेखक आणि तपासनीस वर्षानुवर्षे पोसता आले असते!

नावे जुळत नाहीत, कारण...

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत बटणावरचा शब्द एक जण ठरवतो, मार्गदर्शिका दुसरा लिहितो आणि भाषांतर तिसरीकडे होते. पडद्यावरचे शब्द कोडसोबतच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात, तर मदत पाने पूर्णपणे वेगळ्या व्यवस्थेत. डिझाइनरने एका दुपारी नाव बदलले तर मदत पानाला त्याची खबरही लागत नाही. २०२२ मध्ये अ‍ॅपलने मॅकवरच्या 'सिस्टिम प्रेफरन्सेस'चे 'सिस्टिम सेटिंग्ज' केले आणि आतली मांडणीही बदलली. त्या दिवशी इंटरनेटवरच्या असंख्य जुन्या सूचना एकदम शिळ्या झाल्या.

फोनमध्ये तर गोंधळात आणखी भर. बॅटरी वाचवण्याच्या सोयीला पिक्सेलवर 'बॅटरी सेव्हर', सॅमसंगवर 'पॉवर सेव्हिंग' आणि आयफोनवर 'लो पॉवर मोड' म्हणतात. वेगळ्या कंपन्यांनी वेगळी नावे ठेवायला हरकत नाही, पण एकाच कंपनीच्या दोन पानांनी तरी एकमेकांशी ओळख ठेवावी.

मराठी वापरकर्त्याची अडचण दुहेरी आहे. फोन मराठीत केला की 'डू नॉट डिस्टर्ब'चे 'व्यत्यय आणू नका' होते आणि 'एअरप्लेन मोड'चे 'विमान मोड'. शब्दांत वावगे काही नाही. पण मदतीचा व्हिडीओ किंवा बँकेची सूचना इंग्रजी नावेच सांगत असते. मग आई फोन मुलाच्या हातात देते आणि तो आधी भाषा इंग्रजी करतो. मुलगा जवळ नसेल तर गुगलवर 'कस्टमर केअर' शोधले जाते. बनावट क्रमांक टाकून बसलेल्या भामट्यांना नेमके हेच गिऱ्हाईक हवे असते.

कायदा काय म्हणतो?

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्यात आहेच. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असेही कायदा सांगतो. संमती मागे घेण्याचे बटण बहुधा सेटिंग्जमध्येच असणार. सूचनेत त्याचे एक नाव आणि पडद्यावर दुसरे असेल तर 'तितकेच सोपे' ही अट पाळली गेली असे म्हणता येणार नाही. तपासणी करणाऱ्यांनी मराठी सूचना आणि मराठी पडदा शेजारी ठेवूनच पाहायला हवा. सूचनेचा कागद वाचून भागणार नाही.

उपाय अभियंत्यांना ठाऊक आहे. मदत पानावर बटणाचे नाव हाताने लिहायचेच नाही. पडद्यावरचा शब्द ज्या फाइलमधून येतो, तिथूनच तो पानावरही आणायचा, प्रत्येक भाषेसाठी. नाव बदलले आणि पान तसेच राहिले तर नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधीच चाचणीत लाल दिवा लागावा. जुने नाव शोधले तरी सेटिंग्जच्या शोधपट्टीत नवा पर्याय दिसावा, ही सोय काही तासांच्या कामाची आहे. नवे फीचर आणणाऱ्याचे कौतुक होते, जुने पान दुरुस्त करणाऱ्याकडे कोणी पाहत नाही, म्हणूनच हे काम मागे पडते. 'लोकेशन हिस्टरी'चे नाव गुगलने पुढे 'टाइमलाइन' केले. जुन्या लेखांतल्या सूचनांनुसार ती बंद करायला जाणारे आता ते जुने नाव शोधत बसतात.