मागील पानावरून पुढे

इंग्रजांचं राज्य १९४७ साली गेलं. त्यांचा प्रेझेंट परफेक्ट मात्र जायला तयार नाही. आपलं एक वेळ ठीक आहे, आपला त्यांचा जुना घरोबा. पण त्या इटालियन माणसाने काय घोडं मारलंय? उलट इसवी सन ४३ पासून साडेतीनशेवर वर्षं रोमनांनीच ब्रिटनवर राज्य केलं. त्याचा सूड इंग्रज आता या काळाच्या रूपाने उगवताहेत, अशी माझी दाट शंका आहे. म्हणून मी, एक साधा बँकेतला कारकून, इटालियन माणसाचं वकीलपत्र घेतोय. फी माफ.

काल मारियो दिसला, तर मिलानचा माणूस म्हणतो, 'इएरी हो व्हिस्तो मारियो.' 'हो' म्हणजे हॅव, 'व्हिस्तो' म्हणजे सीन. शब्दाला शब्द लावून तो प्रामाणिकपणे सांगतो, 'आय हॅव सीन मारियो यस्टर्डे.' झालं! मास्तरांची लाल रेघ. हॅव आलं की यस्टर्डे चालत नाही! तिकडे सिसिलीचा माणूस आत्ता जेवून उठला तरी साधा भूतकाळ वापरतो. त्यालाही लाल रेघ. उत्तर-दक्षिण भेदभाव नाही, एवढंच समाधान.

'मी गेलो आहे' हे इटालियन माणूस थेट आपल्यासारखं 'आहे' लावून म्हणतो: 'सोनो अंदातो'. 'मी इथे दहा वर्षांपासून राहतो' हेही तो आपल्यासारखंच वर्तमानकाळात सांगतो. म्हणजे तो आपला मावसभाऊच की हो! पण त्याने 'ही इज कम' म्हटलं की साहेब हसतो. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात असलीच रूपं आहेत. तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

आता या काळाचे नियम पाहा. सकाळी चहा घेतल्याचं 'धिस मॉर्निंग' म्हणत सांगायचं, तर सकाळ आहे तोवर हॅव. दुपार झाली की हॅवची खिडकी बंद! आमचं काउंटरसुद्धा इतकं कडक नसतं. 'आइन्स्टाइन हॅज लिव्ह्ड इन प्रिन्स्टन' म्हणायची सोय नाही, कारण ते १९५५ साली वारले. म्हणजे क्रियापदाआधी कर्त्याचा हयातीचा दाखला हवा! पेन्शनर मंडळी तो वर्षातून एकदा देतात, इथे वाक्यागणिक.

बरं, नियम सगळ्यांना सारखा असता तर मी गप्प बसलो असतो. अमेरिकन माणूस ढेकर देत 'आय जस्ट एट' म्हणतो, 'डिड यू ईट यट?' असं विचारतो. त्याला म्हणायचं 'अमेरिकन वापर'. इटालियन माणसाने तेच केलं की 'चूक'. ज्याची शिल्लक मोठी, त्याची सही जुळली नाही तरी चेक वटतो, त्यातला हा प्रकार.

यात हसण्यासारखं फार नाही. या हॅवपायी परीक्षेतले गुण जातात, गुणांपायी परदेशातली जागा जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चांगल्या शिकल्या-सवरल्या माणसाची तोंड उघडायची हिंमत जाते.

हॅव निरर्थक आहे, असं माझं म्हणणं नाही. 'तो लंडनला दहा वर्षं राहिला' हे साध्या भूतकाळात सांगितलं तर त्याने बिऱ्हाड हलवलं. हॅव लावलं तर भाडं अजून चालू आहे. आमच्या खातेवहीत यालाच 'मागील पानावरून पुढे' म्हणतात. तेवढं जरूर शिकवा. खातं चालू की बंद, हा घोटाळा जिथे खरोखर होतो, तिथे खुशाल गुण कापा. पण माणूस यस्टर्डे म्हणाला, म्हणजे काल. त्याला हॅव लावा नाहीतर लावू नका, काल काही आज होत नाही. मग लाल शाई कशाला?

संध्याकाळी हिशेब जुळला की कारकूनसुद्धा पेन खिशाला लावून घरी जातो. मास्तरांनीही जावं.